परदेशस्थ भारतीय : कादंबरीतले आणि प्रत्यक्षातले

(परदेशात गेलेल्या भारतीयांचा अनुभव कथा-कादंबऱ्यांत कितपत खरा उतरतो, या विषयावर आलेल्या वाचकांच्या प्रश्नांपैकी काहींना या अंकात उत्तरे दिली आहेत.)

प्रश्न : माझी मुलगी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहते. तिच्या आग्रहावरून झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ वाचली. कादंबरी आवडली, पण मुलीच्या संसाराशी तिचे काही जुळेना. मुलगी रोज व्हिडिओ कॉल करते, घराजवळ भारतीय किराणा दुकान आहे, गणपती बसतो, ढोलपथकही आहे. मग कादंबरीतला तो एकाकीपणा लेखिकेने वाढवून सांगितला आहे का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : वाढवून सांगितलेला नाही. तो वेगळ्या काळातला आहे, एवढेच. ‘द नेमसेक’ २००३ साली प्रसिद्ध झाली असली तरी तिची सुरुवात १९६८ मध्ये होते. बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये दिवस भरत आलेली अशिमा स्वयंपाकघरात उभी आहे आणि न्याहारीच्या डब्यातले तांदळाचे कुरमुरीत दाणे, खारे शेंगदाणे, चिरलेला कांदा, मीठ, लिंबू आणि हिरवी मिरची एकत्र कालवून कोलकात्याच्या फुटपाथवर मिळणाऱ्या चटकदार खाण्याची चव आणू पाहते आहे. मोहरीचे तेल मिळत नसल्यामुळे चव काही जमत नाही. परदेशातल्या भारतीयांच्या कथांतील मसाल्यांच्या वासाला मी एक वाचक म्हणून फार पूर्वीच कंटाळलो आहे. तरीही हा प्रसंग मला पटतो, कारण तो त्या सालाशी पक्का बांधलेला आहे. अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत रद्द केली, तेव्हा भारतातून प्रथम गेले ते डॉक्टर, इंजिनिअर आणि संशोधन करणारे विद्यार्थी. ही माणसे विद्यापीठांच्या नि इस्पितळांच्या गावी एकेकटी विखुरली. ज्या गल्लीत आपल्या भाषेचे दुसरे घर नाही, तिथे मोहरीचे तेल कोण विकायला ठेवणार?

त्याच कादंबरीतली दुसरी गोष्ट पाहावी. बाळाचे नाव अशिमाच्या आजीने ठेवायचे ठरलेले असते आणि ते नाव लिहिलेले पत्र कोलकात्याहून निघते, पण केंब्रिजला कधीच पोहोचत नाही. इकडे जन्मदाखल्यावर नाव लिहिल्याशिवाय इस्पितळ बाळाला घरी सोडायला तयार नाही. शेवटी घरात हाक मारायचे म्हणून सुचलेले ‘गोगोल’ हे नाव सरकारी दाखल्यावर चढते आणि मुलाचे पुढचे सारे आयुष्य त्या नावाशी झगडण्यात जाते. आज हा प्रश्न कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटांत सुटला असता, हे खरेच. मात्र एका दाखल्यावरच्या नोंदीने माणसाचे आयुष्य वळण घेते, हे आजही तितकेच खरे आहे. परदेशस्थ भारतीयांविषयीची कोणतीही कथा वाचताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की हे पात्र कोणत्या कागदावर तिकडे गेले आहे आणि लेखकाला त्याची जाणीव आहे का. ती नसेल, तर उरते ती आईच्या हातच्या वरणाची आठवण, आणि ती कोणालाही कुठेही येऊ शकते.

आपल्या मुलीच्या पिढीकडे याच नजरेने पाहा. नवऱ्याच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसामुळे एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या बायकांना २०१५ पर्यंत नोकरी करण्याची परवानगीच नव्हती. त्यानंतर ती मिळाली, पण ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्यापर्यंत पोहोचला आहे, अशांनाच. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक जात नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. लहानपणी कडेवर नेलेले मूल रांगेतच एकवीस वर्षांचे होते आणि आईवडिलांच्या अर्जावरचा त्याचा हक्क संपतो. ढोलपथकात ताशा वाजवणाऱ्या माणसाला भावाच्या लग्नासाठी पुण्याला यायचे असते, आणि परतताना व्हिसाचा शिक्का वेळेत मिळेल की नाही या धास्तीने तो तिकीट काढायचे टाळतो. या धास्तीला मध्यभागी ठेवणारी मोठी कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही. साहित्य बहुधा एक पिढी उशिरा पोहोचते. आपल्या नातवंडांपैकी कोणीतरी ती लिहील.

प्रश्न : माझे वडील सौदी अरेबियात होते. आमच्या गावातून घरटी एक माणूस आखातात गेलेला आहे. पण ‘परदेशस्थ भारतीय’ म्हटले की कादंबरीत अमेरिकेतले प्राध्यापकच भेटतात. आमच्याविषयी कोणी लिहिले आहे की नाही? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लिहिले आहे, आणि फार ताकदीने लिहिले आहे, पण मल्याळममध्ये. बेन्यामिन यांची ‘आडुजीवितम’ ही कादंबरी २००८ साली आली, पुढे ती इंग्रजीत गेली आणि २०२४ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. बेन्यामिन स्वतः १९९२ पासून दोन दशके बहारीनमध्ये नोकरीला होते, म्हणजे आखाताचे हवापाणी त्यांनी बाहेरून पाहिलेले नाही.

नदीतून वाळू काढणारा नजीब हा केरळातला तरुण कर्जबाजारी होऊन व्हिसा मिळवतो. रियाधच्या विमानतळावर घ्यायला कोणी येत नाही, आणि बऱ्याच वेळाने एक अरब येऊन त्याला पिकअप गाडीत घालून वाळवंटातल्या शेळ्यामेंढ्यांच्या गोठ्यावर नेऊन टाकतो. पहिल्या सकाळी नजीब शौचानंतर पाणी घ्यायला जातो आणि मालकाच्या पट्ट्याचा फटका पाठीवर बसतो, कारण तिथले पाणी जनावरांसाठी आहे. आयुष्यभर पाण्यात उभे राहून पोट भरलेल्या माणसाला स्वच्छतेपुरतेही पाणी मिळू नये, यातली क्रूरता लेखक एक शब्दही जास्त न बोलता सांगतो. पुढे नजीब शेळ्यांना गावाकडच्या माणसांची नावे देतो, त्यांच्याशी बोलतो, आणि हळूहळू त्यांच्यातलाच एक होऊन जातो.

मला मात्र या कादंबरीत सर्वांत अचूक वाटतो तो तुरुंगातला प्रसंग. पळून सुटलेला नजीब मायदेशी पाठवणी व्हावी म्हणून आपण होऊन पोलिसांच्या हवाली होतो. त्या तुरुंगात ठरावीक दिवशी कैद्यांना रांगेत उभे करतात आणि आपला पळालेला कामगार शोधत मालक लोक रांगेवरून फिरतात. ओळख पटली की मालक त्याला पुन्हा घेऊन जातो. एके दिवशी नजीबचाही मालक येतो, त्याच्यासमोर थांबतो, खांद्यावर हात ठेवतो आणि पुढे निघून जातो. नजीबचा जीव भांड्यात पडतो. कारण नंतर कळते : हा माणूस माझ्या व्हिसावरचा नव्हता, असता तर ओढत नेला असता, असे तो मालक सांगून गेलेला असतो. म्हणजे ज्या फसवणुकीमुळे नजीब भलत्याच माणसाच्या गोठ्यात पडला, तीच शेवटी त्याच्या सुटकेला कारण झाली. कामगाराचा व्हिसा, मुक्काम आणि परतीची परवानगी हे सगळे एका मालकाच्या हाती देणारी कफाला पद्धत समजावून सांगायला अहवालांची पानेच्या पाने खर्ची पडतात. इथे ती एका रांगेत समजते.

हे मल्याळममध्येच का झाले, याचे उत्तर साहित्याबाहेर आहे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामे सुरू झाली आणि केरळातून सर्व थरांतली माणसे गेली : गवंडी गेले, परिचारिका गेल्या, कारकून गेले आणि लिहिणारेही गेले. रत्नागिरी-रायगडातून गेलेल्यांनी घरे बांधली, मशिदी आणि शाळांना देणग्या दिल्या, टेपरेकॉर्डरवर बोलून भरलेल्या कॅसेटी घरी पाठवल्या. परंतु मराठी मासिकांचे लेखक आणि संपादक पुण्या-मुंबईत होते आणि त्यांचे भाचे-पुतणे अमेरिकेत होते. जो ज्याला ओळखत होता त्याच्याविषयी त्याने लिहिले. मराठी साहित्याच्या या उणिवेला दुसरे कारण शोधण्याची गरज मला वाटत नाही. इंग्रजी वाचत असाल तर दीपक उन्नीकृष्णन यांचे ‘टेम्पररी पीपल’ (२०१७) हे अबू धाबीतल्या कामगारांवरचे पुस्तकही पाहा. त्यात इमारतीवरून पडलेल्या मजुरांना रात्री चिकटपट्टीने नि डिंकाने जोडणारी बाई आहे. गोष्ट अर्थातच अशक्य, पण वाचून झाल्यावर ती अतिशयोक्ती वाटत नाही.

प्रश्न : ‘सत्यघटनेवर आधारित’ असे लिहिलेल्या कादंबरीवर अभ्यासाचे साधन म्हणून किती विसंबावे? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : घटनांसाठी जपून, आणि परिस्थितीसाठी बऱ्यापैकी निर्धास्तपणे. ‘आडुजीवितम’वरचा चित्रपट आल्यावर त्यातले किती प्रत्यक्ष घडले यावर केरळात मोठा वाद झाला. ज्यांच्या अनुभवावरून पुस्तक सुचले ते गृहस्थ हयात असल्यामुळे वाद अधिकच पेटला आणि हे चरित्र नाही, कादंबरी आहे, अशी बाजू लेखकाला मांडावी लागली.

याहून बोलके उदाहरण त्रिनिदादचे आहे. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४४ हजार गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर भारतातून त्या बेटावर उसाच्या मळ्यांत नेण्यात आले. त्यांच्याच वंशात जन्मलेल्या व्ही. एस. नायपॉल यांनी १९६१ मध्ये ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ लिहिली. सासुरवाडीच्या गोतावळ्यात आश्रितासारखा राहणारा आणि स्वतःच्या मालकीच्या घरासाठी जन्मभर धडपडणारा बिस्वास म्हणजे बव्हंशी लेखकाचे वडील सीपरसाद होत. दोघेही वार्ताहर होते. नायपॉल कुटुंबाचे खरे घर पोर्ट ऑफ स्पेनमधल्या नेपॉल स्ट्रीटवर होते, कादंबरीत ते सिक्कीम स्ट्रीटवर आहे. इतक्या जवळून लिहिलेल्या कादंबरीत वडिलांच्या आयुष्यातली सर्वांत भयंकर घटना मात्र नाही. गुरांच्या रोगावर लस टोचण्याऐवजी कालीला बोकड कापणाऱ्या शेतकऱ्यांविरुद्ध सीपरसाद यांनी वर्तमानपत्रात लिहिले होते. त्यावर, बळी दिला नाहीस तर आठवड्यात मरशील, अशी धमकीची चिठ्ठी त्यांना आली, आणि १९३३ मध्ये या सुधारणावादी माणसाला स्वतःच्या हाताने बोकड कापावा लागला. त्यानंतर त्यांचे मन खचले. मुलाला हे कळले ते कादंबरी प्रसिद्ध होऊन बरीच वर्षे लोटल्यावर.

आपल्या अभ्यासासाठी यातून घेण्यासारखे आहे ते असे : ती घटना वगळूनही बिस्वासच्या मनातली भीती, समाजापुढची त्याची कुचंबणा आणि घर हवे असण्याची त्याची जवळजवळ वेडी ओढ कादंबरीत पूर्ण उतरली आहे. लेखकाला तपशील ठाऊक नव्हता, पण त्या तपशिलाने ग्रासलेल्या माणसाबरोबर तो वाढला होता. तेव्हा मजुरांची संख्या, जहाजांच्या तारखा आणि मजुरीचे दर यांसाठी दफ्तरखान्यात जावे, आणि मळ्यातून शहरात आलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला घराच्या चार भिंती का हव्या होत्या, हे विचारायला कादंबरीकडे यावे.

प्रश्न : समुद्र ओलांडल्यावर जात सुटते, असे म्हणतात. कादंबऱ्यांत याविषयी काय दिसते? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सुटत नाही, असेच दिसते, सैल होते, कधी रूप बदलते. अमिताव घोष यांच्या ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८) मध्ये १८३८ साली कोलकात्याहून मॉरिशसला निघालेल्या जहाजावर उच्च जातीची दीती आणि चर्मकार समाजातला कलुआ हे जोडपे आहे. मजुरांच्या नोंदणीत कारकुनाच्या कानाला जे ऐकू आले ते कागदावर पडते, आणि कलुआचे नाव ओळखू येणार नाही इतके बदलते. जहाजावरच्या मजुरांत भाऊबंदकीचे नवे नातेही जुळते. तरीही दीतीच्या सासरकडचा एक अंमलदार तिला ओळखतो आणि जुना सूड भर समुद्रात उगवायला उभा राहतो. इतिहासही याला दुजोरा देतो : गिरमिटियांच्या परवान्यावर नाव, वडिलांचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण यांच्याबरोबर जातीचाही रकाना असे. मॉरिशसला मुंबई बंदरातूनही माणसे गेली. त्यांतल्या कोकणातल्या नि देशावरच्या मराठी मजुरांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून आपली संस्था-मंदिरे चालवतात.

आजच्या काळासाठी सुंजीव सहोता यांची ‘द इयर ऑफ द रनअवेज’ (२०१५) आवर्जून वाचावी. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात एका घरात कोंबलेले कामगार, आणि त्यांत प्रत्येकाचा कागद निराळा. अवतार विद्यार्थी-व्हिसावर आला आहे आणि पैशासाठी त्याने मूत्रपिंड विकले आहे. रणदीपने व्हिसापुरते लग्न केले आहे. तपासनीस आलाच तर नवरा-बायको एकत्र राहतात असे दिसावे म्हणून तो आपले कपडे बायकोच्या घरातल्या कपाटात ठेवायला नेतो. बिहारमधला दलित तरुण तोची याच्याकडे कोणताच कागद नाही. जातीय हिंसाचारात त्याने घरची माणसे गमावली आहेत आणि हजारो मैल दूर येऊनही, लग्नाची बोलणी सुरू होतात तेव्हा त्याला पहिला अडसर येतो तो जातीचाच. तिथल्या पोलिसांना त्याच्या जातीशी काही देणेघेणे नाही, त्यांना कागद हवा आहे. तिथल्या भारतीयांना कागदाचे काही वाटत नाही, त्यांना जात हवी आहे. हा दुहेरी फास सहोता यांनी कुठेही आवाज न चढवता दाखवला आहे.

प्रश्न : परदेशातून घरी येणारी पत्रे, फोन नेहमी ‘सगळे छान आहे’ असेच का सांगतात? या खोटेपणाची दखल साहित्याने घेतली आहे का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : किरण देसाई यांना २००६ चे बुकर पारितोषिक मिळवून देणाऱ्या ‘द इन्हेरिटन्स ऑफ लॉस’ मध्ये कालिम्पाँगच्या एका न्यायाधीशाचा स्वयंपाकी मुलाच्या, बिजूच्या, मोठेपणाच्या गोष्टी गावभर सांगत असतो. बिजू न्यूयॉर्कमध्ये विनापरवाना एका हॉटेलच्या भटारखान्यातून दुसऱ्या भटारखान्यात राबतो आहे. ओळखीच्या अमक्याच्या मुलालाही तिकडे लावून दे, अशी शिफारसपत्रे बाप त्याला पाठवत राहतो. स्वयंपाकघरात घसरून बिजूचा गुडघा दुखावतो, तेव्हा भारतीय मालक डॉक्टरला बोलावण्याऐवजी त्याला भारतात जाऊन बरा होऊन येण्याचा सल्ला देतो. गेला की परतता येणार नाही, हे मालकालाही ठाऊक आहे. बिजूने हे घरी लिहायचे कसे? बापाची गावातली सारी पत त्याच्या गप्प राहण्यावर उभी आहे. खोटेपणा म्हणाल तर आहे, पण त्यात घरच्यांचाही तितकाच वाटा आहे, कारण खरे ऐकण्याची तयारी कुठे कोणी दाखवलेली असते?

मराठीने यातली उलटी बाजू अधिक समर्थपणे मांडली. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ नाटकातले नाना आणि नानी अमेरिकेतल्या मुलाची वाट पाहत दिवस काढतात. मुलगा रंगभूमीवर असतो तो केवळ त्यांच्या बोलण्यात. गेलेल्यांपेक्षा राहिलेल्यांविषयी लिहिणे आपल्या लेखकांना जवळचे वाटले, आणि त्या मर्यादेत त्यांनी जे लिहिले ते अस्सल आहे.

प्रश्न : पूर्व आफ्रिकेतल्या गोवेकरांवर काही आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आहे. युगांडात जन्मलेले, गोवेकर वंशाचे पीटर नझरेथ यांची ‘इन अ ब्राउन मँटल’ ही कादंबरी १९७२ साली निघाली. आशियाई लोकांना या देशात थारा उरणार नाही, याची चाहूल तिच्यात आहे. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. लेखक स्वतः तिथल्या सरकारी नोकरीत होते, त्यामुळे कचेऱ्यांत मधल्या पायरीवर बसलेल्या, वरच्या गोऱ्यांना आणि खालच्या आफ्रिकनांना सारख्याच परक्या असलेल्या माणसाची अवस्था त्यांनी नेमकी टिपली आहे.

प्रश्न : मी कुवेतमध्ये क्रेन चालवत होतो. १९९० च्या इराकी आक्रमणानंतर आम्ही रस्त्याने जॉर्डनला पोहोचलो आणि अम्मानहून विमानाने मुंबईला आलो. माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटातच राहिला. यावर कथा लिहावी असे फार दिवस मनात आहे, पण सुरुवात कुठून करावी कळत नाही. (एक वाचक, खेड)

उत्तर : त्या कपाटापासून करा. त्या वेळी १ लाख ७० हजारांच्या आसपास भारतीय विमानांनी परत आणले गेले. त्या मोहिमेच्या हकिकती पुष्कळ छापून आल्या आहेत, आणि त्यांत विमाने, अधिकारी आणि आकडे भरपूर आहेत. पासपोर्ट हाती नसताना सीमेवर आपण काय दाखवले, दूतावासाने कोणता कागद दिला, तो देताना तुमची ओळख कोणी पटवली, क्रेन कोणत्या इमारतीवर उभी सोडून आलात, बाकी राहिलेल्या पगाराचे काय झाले आणि घरी आल्यावर एजंटाच्या कर्जाचे काय, हे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. खोलीवर कितीजण होतात, शुक्रवारी स्वयंपाकाची पाळी कोणाची असे, हे लिहायला लाजू नका. सोबत्यांची आणि कंपनीची नावे बदला, पण रकमा खऱ्या ठेवा, आणि त्या दिनारांतच लिहा. बोलीत सुचत असेल तर बोलीतच लिहून काढा. प्रमाण मराठीत आणायचे की नाही, ते पहिला खर्डा पुरा झाल्यावर ठरवता येईल. तो खर्डा झाला की आमच्याकडे पाठवा.